कोटीच्या गाडीचा हिशेब



या सदरात आम्ही भिशीचा, बचत गटाच्या कर्जाचा, लग्नखर्चाचा हिशेब वेळोवेळी मांडत आलो आहोत. आज मात्र एक कोटी रुपयांच्या मोटारगाडीचा हिशेब मांडणार आहोत. काही वाचक म्हणतील, ज्यांच्या घरी महिनाअखेर गॅसची टाकी आणताना विचार करावा लागतो, त्यांना या गाडीशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. ही गाडी आपण विकत घेणार नाही हे खरे. पण ती चालवतो आपला भाऊ, ती धुतो आपला भाचा, आणि रात्री मोबाईलवर तिची चित्रे बघत बसतो तो आपलाच मुलगा. ज्या वस्तूपुढे आपली पोरे दिपून उभी राहतात, त्या वस्तूचा जमाखर्च एकदा उघडून बघितलाच पाहिजे. कारकुनी पेशात आयुष्य गेल्याने आम्हांला दुसरी मोठी विद्या येत नाही. पण या कामाला बेरीज-वजाबाकी पुरते.

रस्त्यावरची गाडी

आमचे अंथुर्णे बारामती-इंदापूर रस्त्यावर. अलीकडे जंक्शन, पलीकडे शेळगाव आणि निमगाव केतकी. हाच पालखी मार्ग. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. पूर्वी या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, लाल एस.टी. आणि एखाददुसरी जीप एवढीच वर्दळ असे. आता गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढीत पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या गाड्या जातात. त्यांतली एखादी अगदी आवाज न करता शेजारून निघून जाते आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी दचकून म्हणते, “अगं बाई, ही आली कवा?” ती गाडी त्या वेळी विजेवर चाललेली असते. पुढे वीज संपली की तीच गाडी पेट्रोलवर धावू लागते. एका अंगात दोन जीव असलेल्या या गाडीला ‘प्लग-इन हायब्रिड’ म्हणतात. तीच आजच्या लेखाचा विषय आहे.

मोटारगाडी हा विषय आमच्या भागाला परका नाही. जंक्शनहून आत वळले की वालचंदनगर. ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावाने ते गाव वसले, त्यांनीच १९४४ साली मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि प्रीमिअर पद्मिनी बाहेर पडल्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. तिच्या गाद्या फाटलेल्या असत, दार जोरात आपटल्याशिवाय लागत नसे. पण ती दिवसरात्र राबत होती. तिच्या चाकावर कित्येकांच्या चुली पेटल्या आणि कित्येकांची मुले शिकली. गाडीचे मोल तिच्या राबण्यात असते, हे त्या टॅक्सीने आम्हांला शिकवले. त्याच मापाने आजची कोटीची गाडी मोजू.

एका घरात दोन चुली

दुकानात ‘हायब्रिड’ या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या जाती विकल्या जातात. गिऱ्हाईक फसते ते इथेच.

पहिली जात ‘माइल्ड’. इंजिन पेट्रोलचेच, लहानशी बॅटरी त्याला हातभार लावते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही.

दुसरी ‘स्ट्राँग’. यात बॅटरी थोडे अंतर एकटी गाडी ओढते, पण तिला लागणारी वीज गाडीतच तयार होते, काही इंजिनापासून आणि काही ब्रेक दाबताना. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस या जातीची. सायकलच्या डायनॅमोसारखे समजा. चाक फिरले तर दिवा लागतो, बाहेरून वीज देण्याची सोय नाही.

तिसरी ‘प्लग-इन’. हिची बॅटरी त्याहून बरीच मोठी. रात्री मोबाईल लावतो तशी ही गाडी भिंतीतल्या प्लगला लावायची. सकाळी पहिले तीस-चाळीस किलोमीटर विजेवर, त्यानंतर पेट्रोलवर. गावातल्या गावात फिरायचे तर पेट्रोलचा थेंब नको आणि लांब जायचे तर वीज संपण्याची धास्ती नको, असा हा दुहेरी बेत.

कल्पना चांगली आहे, यात शंका नाही. पण एका घरात दोन चुली मांडल्या की भांडीही दुप्पट लागतात. इथे इंजिन आहे, पेट्रोलची टाकी आहे, शिवाय बॅटरी आणि विजेची मोटार आहे. किंमत दोन्हींची, वजन दोन्हींचे, देखभालही दोन्हींची. बॅटरी रिकामी झाली म्हणजे तिचे वजन काही कमी होत नाही. तेच ओझे मग पेट्रोलला ओढावे लागते.

व्होल्वोची गोष्ट

उदाहरणासाठी खरी गाडी घेऊ. व्होल्वो म्हटले की आपल्याला पुण्या-मुंबईची बस आठवते. पण बस करणारी आणि मोटार करणारी व्होल्वो या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. मोटारीची कंपनी १९९९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने घेतली आणि २०१० पासून ती चीनच्या गिली या उद्योगसमूहाकडे आहे. या कंपनीने २०१६ साली एक्ससी ९० टी ८ ही प्लगची गाडी भारतात आणली. शोरूममधली किंमत सव्वा कोटी रुपये.

पुढे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना विजेची मोटार, दोन्ही मिळून चारशेच्या वर अश्वशक्ती, सुमारे ९ युनिट वीज मावेल एवढी बॅटरी आणि वजन सव्वादोन टनांच्या पुढे. एवढी लांबलचक गाडी, पण त्या पहिल्या सव्वा कोटीच्या अवतारात आसने किती होती? चार. मागे दोन प्रशस्त खुर्च्या, त्यांच्यामध्ये छोटा फ्रीज आणि काचेचे नक्षीदार पेले. आई-वडील, तीन मुले आणि आजी असे साधे कुटुंब त्या गाडीत मावले नसते. हीच गाडी पुढे सात आसनांची करून बंगळुरूजवळ जोडण्यात आली, तेव्हा किंमत कोटीच्या थोडी खाली आली. आणि मार्च २०२५ मध्ये एक्ससी ९० चा नवा अवतार १ कोटी ३ लाखांना आला, तो प्लगविना, साध्या ‘माइल्ड’ जातीचा. म्हणजे नाव तेच, रूप जवळजवळ तेच, पण प्लग नाही.

दुसरे उदाहरण बीएमडब्ल्यूच्या एक्सएमचे. ती डिसेंबर २०२२ मध्ये २ कोटी ६० लाखांना बाजारात आली. आसने पाच, वजन पावणेतीन टनांच्या घरात. एकट्या साहेबाला कचेरीत पोहोचवायला पावणेतीन टन लोखंड हलवायचे, याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा.

आता पाटी-पेन्सिल घेऊ

कंपन्या सांगतात, प्लग लावा आणि पेट्रोल वाचवा. मग बघूया किती वाचते. गणित सोपे जावे म्हणून आकडे गोल धरतो. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून पुन्हा करून पाहावे.

गाडीची किंमत धरू १ कोटी. त्या व्होल्वोची बॅटरी पूर्ण भरायला, मध्ये होणारी गळती धरून, ११ युनिट वीज लागते असे समजू. युनिटला १० रुपये धरले तर ११० रुपये. कंपनी या विजेवर चाळीसेक किलोमीटर सांगते. आपल्या उन्हात एसी लावून तीस धरू. म्हणजे विजेवर एका किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या आत खर्च. पेट्रोल १०५ रुपये आणि एवढ्या जड गाडीला लिटरला १० किलोमीटर धरले तर किलोमीटरला साडेदहा रुपये. प्लग लावल्याने प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे पावणेसात रुपये वाचले. रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, एकही दिवस न चुकता प्लग लावला तर वर्षाची बचत ६० हजारांच्या थोडी वर जाते.

साठ हजार ही आपल्याला मोठी रक्कम वाटते आणि ती मोठी आहेच. पण वहीचे दुसरे पान उलटा. एक कोटीवर दरसाल ९ टक्क्यांनी व्याज धरले तर वर्षाचे ९ लाख, म्हणजे महिन्याचे ७५ हजार. वर्षभर न चुकता प्लग लावून जी बचत होते, ती एका महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि दरवर्षी गाडीची उतरणारी किंमत यांना तर आपण अजून हातही लावलेला नाही.

याचा अर्थ ही गाडी काटकसरीसाठी कोणी घेत नाही. आराम, सुरक्षितता, ऐट यांसाठी घेतात. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने खुशाल घ्यावी. पण ‘पैसे वाचवणारी गाडी’ असे कोणी सांगू लागले तर आपल्या पोरांना हे गणित तोंडपाठ असावे.

आणखी एक गणित. सर्वसाधारण विजेची स्कूटर तीन युनिटांत ऐंशी किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे त्या गाडीला तीस किलोमीटर नेणाऱ्या अकरा युनिटांत स्कूटर अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाईल. वीज तीच, प्लग तोच. फरक फक्त ओढायच्या वजनाचा आहे.

प्लग लावतो कोण?

एवढे गणित मांडूनही त्यातली मुख्य अट राहिलीच. रोज प्लग लावला तर! युरोपात या गाड्या लाखोंनी विकल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत तपासल्या तेव्हा शंभर किलोमीटरला दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल असे आकडे आले. व्होल्वोच्या या गाडीचाही युरोपातला चाचणीचा आकडा त्याच घरातला होता. पुढे युरोपीय आयोगाने गाड्यांमध्येच बसवलेल्या मापकांची माहिती गोळा केली आणि मार्च २०२४ मध्ये अहवाल काढला. प्रत्यक्ष रस्त्यावर प्लगच्या गाड्यांचा धूर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. कारण काय? लोक प्लग लावतच नव्हते, किंवा अपेक्षेपेक्षा फार कमी लावत होते.

त्याआधी २०२२ मध्ये आयसीसीटी आणि जर्मनीची फ्राउनहोफर संस्था यांच्या पाहणीत एक गोष्ट अधिक स्पष्ट झाली होती. स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेली माणसे निम्म्याच्या जवळपास अंतर विजेवर चालवत होती. कंपनीने दिलेली गाडी वापरणाऱ्यांचे हेच प्रमाण शंभरात अवघे अकरा ते पंधरा किलोमीटर होते. पेट्रोलचे बिल कंपनी भरणार, मग रात्री वाकून वायर कोण लावणार? दुसऱ्याच्या खिशातून पेट्रोल भरणाऱ्याला प्लगची आठवण होत नाही. माणसाचा स्वभाव जर्मनीत आणि इंदापुरात सारखाच.

पुण्यात एका मालकाची अशीच गाडी चालवणारे आमच्या परिचयाचे एक बंधू आहेत. त्यांना आम्ही विचारले, “दादा, प्लग रोज लावता का?” ते हसले आणि म्हणाले, “वायर डिकीत आहे, पिशवीतनं अजून बाहेर काढली नाही. पार्किंगमध्ये सॉकेट नाही, सोसायटीची परवानगी काढायला साहेबांना वेळ नाही. पेट्रोलला कार्ड आहे की!” कोटीच्या गाडीचा कोटीचा गुण पिशवीत पडून आहे.

आणि समजा, अशी गाडी आमच्या गावातल्या घराला लावली तर? सोळा अँपिअरच्या सॉकेटवर ती साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज ओढेल. आपल्या पुष्कळ घरांचा महावितरणकडे मंजूर असलेला भार एक-दोन किलोवॅटचा असतो. वायर पातळ, आणि अर्थिंगची तार कित्येक घरांत नुसती नावाला. कोटीची गाडी आपल्या दारात येणार नाही, पण विजेची स्कूटर आणि ई-रिक्षा येऊ लागली आहे. म्हणून सांगून ठेवतो. आधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, स्वतंत्र जाड वायर आणि चांगले सॉकेट बसवा, मगच बॅटरी चार्जिंगला लावा. लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर बॅटरी लावणे म्हणजे उशाशी विस्तव घेऊन झोपणे आहे.

सरकारच्या वहीत

सरकार या गाडीकडे कसे बघते, तेही पाहण्यासारखे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर, मग त्या हायब्रिड का असेनात, ४० टक्के जीएसटी आहे. एक कोटीच्या शोरूम किमतीत साडेअठ्ठावीस लाख तर हा करच झाला. त्यावर महाराष्ट्रात वीस लाखांपुढच्या पेट्रोल मोटारीला खासगी नावावर १३ टक्के वाहन कर, म्हणजे आणखी सुमारे तेरा लाख. प्लग असला तरी सरकार तिला पेट्रोलचीच गाडी धरते, आणि युरोपचा अनुभव पाहता यात चूक काही नाही.

परंतु निव्वळ विजेवर चालणारी मोटार असेल तर जीएसटी फक्त ५ टक्के. मग ती दहा लाखांची असो की दोन कोटींची. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के वाहन कर लावण्याचा प्रस्ताव होता. तोही मागे घेण्यात आला. आणि आपला गवंडी कामावर ज्या साध्या मोटारसायकलवरून जातो, तिच्यावर जीएसटी आहे १८ टक्के. पूर्वी तो २८ होता, तो कमी झाला हे चांगलेच झाले. तरीही एक कोटीच्या विजेच्या मोटारीला पाच आणि गवंड्याच्या मोटारसायकलला अठरा, हे कोष्टक आपल्या मुलांना दाखवावे. हवा स्वच्छ राहावी म्हणून सवलत हवीच. पण तिला किमतीची काही मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

वहीतली दुसरी खुबी अशी. मोठी गाडी पुष्कळदा माणसाच्या नावावर नसते, पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर असते. धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकरात दरसाल १५ टक्के घसारा मिळतो. एक कोटीवर पहिल्या पूर्ण वर्षाचे पंधरा लाख. भागीदारी पेढीला ३० टक्के कर असतो, म्हणजे साडेचार लाखांचा कर कमी झाला. कर्जावरचे व्याजही धंद्याच्या खर्चात जाते. याउलट पगारदार कामगाराने हप्त्यावर गाडी घेतली तर त्याला ना घसारा, ना व्याजाची वजावट. त्यांच्या गाडीचा हप्ता वहीत खर्ची पडतो; आपल्या गाडीचा हप्ता ताटातून जातो. शेजारच्या बंगल्यात मोठी गाडी आली म्हणून आपणही मोठी घ्यावी असे ज्या तरुणांना वाटते, त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

फुकट मिळालेली चीज

या गाडीत चांगले काही नाही असे आम्ही म्हणणार नाही. मजबूत सांगाडा, हवेच्या पिशव्या, समोर अडथळा आला तर आपोआप लागणारा ब्रेक या गोष्टी माणसाचा जीव वाचवतात आणि त्या साध्या गाड्यांतही यायला हव्यात. पण सर्वांत मोठी गोष्ट सर्वांत साधी आहे. खांद्यावरून कमरेला येणारा तीन टोकांचा सीटबेल्ट १९५९ साली व्होल्वोच्याच नील्स बोलिन या अभियंत्याने तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट स्वतःपुरते न ठेवता जगातल्या सर्व कंपन्यांना वापरायला मोकळे ठेवले. आज तोच पट्टा भाड्याच्या जीपमध्येही असतो. म्हणजे कोटीच्या गाडीतली सर्वांत मोलाची वस्तू आपल्या हातात आधीच आलेली आहे. आपण ती वापरतो का?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, हवेच्या पिशव्या होत्या. पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलीस तपासात निघाले, आणि ते दोघेच गेले. पिशवीतली वायर आणि न लावलेला पट्टा, दोन्हींचा धडा एकच. वस्तूचा गुण वस्तूत नसतो, तो वापरणाऱ्याच्या हातात असतो. लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आपण दहाजणांच्या जीपमध्ये अठराजण बसतो, तेव्हा हे आठवावे.

चालक आणि मेकॅनिक बंधूंसाठी

आता ज्यांचा या गाडीशी रोजचा संबंध येतो त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

एक : या गाड्यांत शेकडो व्होल्टची वीज असते. तिच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी वायरीला प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये, इंजिनाच्या भागात जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये. गाडीचा आवाज येत नाही म्हणजे ती बंद आहे असे समजून खाली शिरू नये.

दोन : गाडीच्या विम्यात ‘मालक-चालक’ यांचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो मालक स्वतः चालवत असेल त्याच्यासाठी. पगारी चालकासाठी त्याच पॉलिसीत वेगळे कलम घ्यावे लागते. त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो. कोटीची गाडी चालवायला घेताना पगाराबरोबर हेही विचारावे : “साहेब, पॉलिसीत चालकाचं कलम घेतलंय का?” हे विचारण्यात संकोच कसला? गाडीच्या काचेचा विमा उतरवतात, मग माणसाचा का नाही?

तीन : पेट्रोल-डिझेलचे काम येणारा मेकॅनिक पुढच्या काळात अर्धाच मेकॅनिक ठरेल. आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमांत आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा स्वतंत्र व्यवसाय आहे. दहावी झालेल्या मुला-मुलींनी प्रवेशाच्या वेळी जवळच्या आय.टी.आय.मध्ये त्याची चौकशी करावी. मुलींनीही, हे मुद्दाम सांगतो.

चार : हे भाड्याच्या गाडीचा धंदा करणाऱ्यांसाठी. २०१६ च्या सुमारास आलेल्या या गाड्या आता जुन्या बाजारात येत आहेत. कोटीची गाडी मूळ किमतीच्या पाव-अर्ध्या भावात मिळते म्हणून तरुणांचे डोळे विस्फारतात. सावध राहावे. बहुतेक कंपन्या बॅटरीची हमी आठ वर्षांची देतात. ती संपली की गाडी विकायला काढतात. नवी बॅटरी लाखांत जाते आणि तिचे काम गावच्या गॅरेजात होत नाही. शिवाय आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. ते इथेनॉल आपल्याच उसाचे असले तरी जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते चालते का, हे कंपनीच्या पुस्तकात बघितल्याशिवाय व्यवहार करू नये.

आमच्या माहितीतल्या एका घराने धंद्यासाठी म्हणून ऐपतीबाहेरची मोठी गाडी हप्त्यावर घेतली. सुरुवातीला लग्नसराई होती, हप्ते गेले. पावसाळ्यात भाडी बंद झाली. तीन हप्ते थकले, आईचे मणी मोडले, आणि शेवटी गाडी ओढून नेली ती नेलीच. मुलगा आज दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे. तो चांगला चालक आहे, मेहनती आहे. त्याचे चुकले एवढेच की वर्षातले किती दिवस गाडी राबेल हे न मोजता त्याने गाडी मोजली.

म्हणून गाडी घेण्याआधी, मग ती साधी सेकंडहँड जीप का असेना, कुटुंबाने एकत्र बसून तीन आकडे कागदावर लिहावेत. वर्षातले किती दिवस ती खरोखर चालणार? रिकाम्या महिन्यात हप्ता कोठून भरणार? आणि ती उभी राहिली तर घरातले काय थांबेल? घरातल्या बाईला हा कागद आधी दाखवावा, कारण शेवटी दागिना तिचाच मोडतो.

विजेची गाडी आपल्यालाही हवीच आहे. १ जून १९४८ रोजी ज्या पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी एस.टी.ची विजेवरची ‘शिवाई’ धावली. चाळीसच्या वर माणसे, एक बॅटरी, आणि ती रोज प्लगला लागते. कारण लावली नाही तर बस सुटणारच नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. ज्या दिवशी अंथुर्ण्याच्या थांब्यावर अशी बस वेळेवर येऊन उभी राहील आणि कॉलेजची मुलगी, बाजाराची पिशवी घेतलेली मावशी, दवाखान्याला निघालेले आजोबा तिच्यात बसतील, त्या दिवशी विजेची गाडी खऱ्या अर्थाने कुटुंबाची गाडी होईल. ग्रामसभेत रस्त्याच्या आणि पाण्याच्या मागणीबरोबर या बसचीही मागणी ठरावात लिहून घ्यावी. ठरावाची नक्कल मागायला मात्र विसरू नये.